गुरुवारची मामी

गुरुवारी मी दारावरची भाजी घेत नाही. मुलगा पुण्याहून फोनवर चिडतो. म्हणतो, "आई, सगळं घरपोच येतं आता. छावणीच्या बाजारापर्यंत रिक्षानं कशाला जातेस?" मी म्हणते, "तेवढेच पाय मोकळे होतात." रिक्षात बसून पाय कसे मोकळे होतात, हे त्यानं अजून विचारलेलं नाही. भोळा आहे, वडिलांवर गेलाय. खरं कारण सांगायचं तर मी चौथीत होते तिथपर्यंत मागं जावं लागेल, आणि त्याआधी एक खुलासा करावा लागेल.

खुलासा असा की, मी पाच वर्षांची असताना माझ्या आईवडिलांनी मला आत्याच्या ओटीत घातलं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला मूलबाळ नव्हतं, आणि आम्ही चार बहिणी, त्यातली मी तिसरी. सिल्लोडजवळच्या आमच्या गावात मारुतीच्या पारावर आत्याला पाटावर बसवलं, तिच्या ओटीत तांदूळ, हळकुंड, खोबऱ्याची वाटी घातली आणि वर मला बसवलं. मला गुळाचा खडा मिळाला होता, त्यामुळं काहीतरी सण आहे अशी माझी समजूत. मग भावकीतल्या एका म्हातारीनं माझी हनुवटी धरून सांगितलं, "आता ही तुझी आई. आन् ती तुझी मामी." ‘ती’ म्हणजे माझी आई, बाजूला पदर तोंडाला लावून उभी असलेली. नात्याच्या दृष्टीनं म्हातारीचं काही चुकलं नव्हतं. आत्या आई झाली की तिचा भाऊ मामा होतो आणि मामाची बायको मामी. आईनं तिथंच मारुतीसमोर शब्द दिला, की आजपासून ही वन्संची लेक, मी हिला लेक म्हणून हाक मारणार नाही. तोवर ती मला नावानं कधी बोलावतच नसे. "माझी बाय गं" अशी हाक यायची, आणि मी गोठ्यात असो की ओढ्यात, तिथूनच ‘ओ’ द्यायची.

या लिहिण्यात मी आईला आई आणि आत्याला आत्याच म्हणणार आहे. तेव्हा तोंडानं सगळं उलटं बोलावं लागायचं. मध्यंतरी आमच्या शहराचं नाव बदललं, तेव्हा जुनंच तोंडात येतं अशी पुष्कळांची तक्रार होती. मी आपली मनात हसत होते. माझ्या तर एका दुपारीत सगळ्या माणसांची नावं बदलली होती, आणि तोंडातला गूळ विरघळायच्या आत ती पाठ करायची होती.

आत्याचं घर भावसिंगपुऱ्यात होतं, दोन खोल्या आणि पुढं शेणानं सारवलेलं अंगण. पहाटे छावणीतला बिगुल ऐकू यायचा, त्यामागून आत्याच्या खराट्याचा आवाज, मग अण्णांचा खोकला. अण्णा म्हणजे आत्याचे यजमान. दिवसभरात त्या घरात याहून जास्त आवाज होत नसे. आत्या वाईट नव्हती. हे मला नीट लिहून ठेवायचं आहे, कारण असल्या गोष्टींत ओटीत घेणारीला कैदाशीण ठरवायची आपल्याकडं रीत आहे. तिच्या हातची येसराची आमटी मला पुन्हा कुठं मिळाली नाही. मला आवडतात म्हणून ती धपाट्यांत कोथिंबीर जास्त घालायची आणि दह्यावरची साय माझ्या ताटात लोटायची. वेण्या मात्र इतक्या घट्ट घालायची की डोळे ताणले जायचे. पण तिनं मला कधी मांडीवर ओढलं नाही, कधी जवळ घेऊन थोपटलं नाही. त्यासाठी हात कसे पसरायचे हेच तिला कळत नसावं. ताटात वाढून ती समोर बसायची आणि मी जेवताना माझ्याकडं बघत राहायची.

आणि गल्लीनं तिला शिकूही दिलं नाही. आमच्या गल्लीतल्या बाया आत्याशी गोड बोलायच्या, तिच्याकडून लोणच्याचा मसाला कुटून घ्यायच्या, पण आपलं रांगतं पोर तिच्या हातात कुणी द्यायचं नाही. ती समोरून आली की पोर या कडेवरून त्या कडेवर जायचं. नजर लागते म्हणे. ही भीती मुलांपर्यंतही झिरपली होती, त्यामुळं आमच्या अंगणात कुणी खेळायला येत नसे. मी शाळेतून आले की उंबऱ्यावर बसायची आणि समोरच्या अंगणातली लंगडी बघायची. मला फार एकटं वाटायचं. तेव्हा ‘एकटं’ हा शब्द वापरायचं सुचलं नसतं. पोटात दुखतं म्हणायची आणि आत्या ओवा द्यायची. आयुष्यात मी जितका ओवा खाल्ला, त्यातला बहुतेक त्या दोन-चार वर्षांतला आहे.

यातून सुटका दोनच होत्या. एक म्हणजे रविवार. अण्णा मूळचे गवंडी, पण हात असा बसलेला की वस्त्यांमधल्या नव्या बागांसाठी सिमेंटचे पुतळे करायची कामं त्यांना मिळू लागली होती. रविवारी ते मला सायकलच्या दांडीवर बसवायचे आणि आपली बाग दाखवायला न्यायचे. कधी सरळ न जाता मुद्दाम बेगमपुऱ्याकडून फिरवायचे, पाणचक्कीपाशी थांबून मासे दाखवायचे, औरंगपुऱ्यात गरम इमरती घेऊन द्यायचे. इमरतीचा पाक कोपरापर्यंत ओघळायचा आणि तो चाटेस्तोवर सिडको यायची. सिडको तेव्हा नवी कोरी होती. एकसारख्या घरांच्या रांगा, प्रत्येक दारात एक नळ आणि हातभर वाढलेली जास्वंद, आणि दोन रांगांच्या मधे बाभळी. रस्ते एवढे रुंद की अण्णा हात सोडून सायकल चालवायचे आणि मी किंचाळायची. असे ते एरवी हसताना दिसायचे नाहीत.

जळगाव रोडच्या अलीकडं ती बाग होती. तिथं अण्णांचं अख्खं गाव उभं राहत होतं. औतामागचा शेतकरी, जात्यावरची बाई, काठीवर हनुवटी टेकलेला धनगर आणि त्याची मेंढरं. रंग अजून लागायचा होता, सगळी राखाडी. मी गेल्या गेल्या प्रत्येकाला हात लावून यायची. मेंढरांच्या पाठी उन्हानं तापलेल्या असायच्या, त्यावर गाल टेकून बसायला मला आवडायचं. त्यांना मी नावं ठेवली होती. धनगराला शाळेतल्या गोष्टी सांगायची. तो ऐकायचाही बरा, कारण अण्णांनी त्याची मान थोडी खाली केली होती.

दुसरी सुटका म्हणजे गुरुवार. गुरुवारी छावणीचा बाजार. आत्या आणि मी पिशव्या घेऊन चालत जायचो. बोकडांचा वास लांबूनच यायचा, मग जुन्या कपड्यांचे ढीग, बांगड्यांचे खोके, लोखंडी तव्यांवर हातोडीचा ठणठणाट, आणि उकळत्या तेलातल्या मिरची भज्यांचा ठसका. एका लिंबाखाली, भांडीवाल्या चाचांच्या दुकानाशेजारी, गोणपाटावर हिरव्या मिरच्यांचा ढीग घालून माझी आई बसलेली असायची.

"या वन्सं," ती आत्याला म्हणायची. मग माझ्याकडं न बघता, मिरच्या चाळवत, "काय वो भाच्याबाई, शाळा काय म्हन्ती?"

"बरी हाय, मामी," मी म्हणायची.

झालं. एवढंच आमचं बोलणं. आत्या मधे उभी असायची, मुद्दाम नव्हे, पण असायची. आई मिरच्या तोलून वर मूठभर टाकायची, आणि फडक्यात बांधलेल्या भाजक्या शेंगा माझ्या हातात न देता पिशवीत सोडायची. तेवढ्या वेळात मी तिची बोटं, कपाळावरचं गोंदण, नवीन ठिगळ लावलंय का, सगळं बघून घ्यायची. दर आठवड्याला मला वाटायचं, की आज ती "माझी बाय" म्हणेल. आणि एकदा तसं म्हणाली की मग ती मला गावाला घेऊन गेल्याशिवाय राहणारच नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. त्यासाठी एक परकर-पोलकं घडी करून ट्रंकेत अगदी वर ठेवलेलं असायचं.

शेजारचे चाचा एकदा तिला म्हणाले होते, "क्या खाला, सिल्लोड में बाजार नै क्या? मिरची लेके इत्ती दूर कायकू आते तुम?"

"तितं भाव नाय मिळत, भाई," आई म्हणाली.

मला ते खरं वाटलं. मिरचीला सिल्लोडइतकं गिऱ्हाईक आसपास कुठं नाही, हे कळायला मला पुढं संसाराची मिरची विकत घ्यावी लागली.

त्याच वर्षी अण्णांनी बागेच्या मधोमध एक बाई करायला घेतली, कडेवर मूल घेतलेली. गजांचा सांगाडा उभा करायचा, त्यावर जाळी गुंडाळायची, मग जाळीत सिमेंटचा पहिला थर भरायचा, अशी त्यांची रीत. उभं कसं राहायचं हे बघायला त्यांनी आत्यालाच अंगणात उभं केलं. कडेवर घ्यायला शेजारणीचं पोर मागायचं आत्याच्या मनातसुद्धा आलं नाही. तिनं गोधडीचं गाठोडं बांधलं, आत वजनाला वरवंटा घातला आणि ते कमरेवर धरून ती सकाळभर उभी राहिली. मी पायरीवर बसून बघत होते. गाठोड्याचा पदर घसरला की ती तो नीट करायची, जणू आतल्याला ऊन लागेल.

पुतळा खांद्यापर्यंत आला. एका रविवारी आत्याही भाकरी घेऊन आमच्याबरोबर बागेत आली. खड्डे खणणाऱ्या बाया सावलीला बसल्या होत्या. त्यांतली एक पुतळ्याकडं बघून हसली, "अगं बाय! हिनं पोर नाय, कळशी घेतलीय. पान्याला निगाली जनू!" बाकीच्याही हसल्या. त्यांना आत्या कोण ते माहीत नव्हतं, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण ते खरं होतं. बाई ताठ उभी होती, आणि मूल तिला बाहेरून चिकटवल्यासारखं दिसत होतं. अण्णांनाही काहीतरी खटकत होतं, काय ते सापडत नव्हतं. आत्यानं भाकरीचं फडकं खाली ठेवलं. पुतळ्याभोवती एक फेरी मारली. तिचं तोंड लाल झालं होतं.

"बरोबर बोलल्या त्या," ती अण्णांना म्हणाली. "माज्या कमरंला ते ठावंच नाय, तर तुमाला कुटून घावंल? गुरुवारी वहिनीला आणा हितं. चार लेकरं कडंवर वागवलीत तिनं."

गुरुवारी बाजार उठल्यावर आई रिकामी पाटी घेऊन आमच्याबरोबर सिटी बसनं सिडकोत आली. सिल्लोडची गाडी तिला तिथल्या रस्त्यावरही मिळणार होती. अण्णांनी छिन्नीनं पुतळ्याची कंबर फोडून ठेवली होती, आतले गज उघडे पडले होते. आई ते बघून भ्यायली. "मी काय करू, भाऊजी?" एवढंच म्हणाली.

"हिला घ्या कडंवर," आत्या म्हणाली, माझ्याकडं बोट करून.

"वन्सं, मोठी झाली की आता ती."

"घ्या म्हन्ते ना."

आईनं पाटी ठेवली, पदर खोचला, आणि माझ्या काखेत हात घालून मला उचललं. मी हाडकुळी होते, तरी माझे पाय तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. तिच्या हातांना, मानेला, सगळ्या अंगाला मिरचीचा वास होता आणि माझे डोळे चुरचुरायला लागले. मला उचलल्याबरोबर तिची कंबर एका बाजूला गेली आणि खांदा दुसऱ्या बाजूला. तिनं काही केलं नाही, ते आपोआप झालं. अण्णांच्या तोंडून "आस्सं" निघालं आणि ते गज वाकवायला लागले. आत्या पलीकडं मेंढराच्या पाठीवर टेकून उभी होती. मी डोळे मिटून घेतले होते. मला वाटत होतं, अण्णांचं काम कधी संपूच नये.

बराच वेळ झाल्यावर मी घसरायला लागले. आईनं कमरेला एक हिसका देऊन मला वर सरकवलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "गप ऱ्हा. माझी बाय गं."

अण्णांचा हात थांबला. खणणाऱ्या बायांचं बोलणं चालू होतं. आईचं अंग कडक झालेलं मला कळलं. माझ्या गळ्यापर्यंत ‘ओ’ आला होता, तो तिथंच अडकला. तिनं मला खाली उतरवलं, पदर सोडून डोक्यावर घेतला, पाटी उचलली. "गाडी जाईल माजी," म्हणाली आणि निघाली. आत्या मागून "वहिनी, च्या तरी घ्या" म्हणत होती. कोपऱ्यावर आई वळून बघेल म्हणून मी बघत राहिले. तिनं वळून पाहिलं नाही.

पुढच्या गुरुवारी आत्यानं पिशवी माझ्या हातात दिली. "तू एकलीच जा आज," ती चुलीकडं तोंड करून म्हणाली. "मामीपाशी बस घटकाभर. उशीर झाला तरी चालंल." मी ट्रंकेतलं परकर-पोलकं पिशवीच्या तळाशी घातलं आणि पळत सुटले. इतकी पळाले की बोकडांच्या बाजारात एकदा पडलेसुद्धा. लिंबाखाली गोणपाट नव्हतं. जागा झाडून ठेवल्यासारखी रिकामी होती.

"तेरी मामी नै आई आज, बेटा," चाचा म्हणाले. "बैठ, आएगी."

मी तिच्या जागेवर बसले. तव्यांचा ठणठणाट थांबला, बांगड्यांचे खोके बंद झाले, भज्यांची कढई उतरली. चाचांनी मला पाणी दिलं आणि शेवटी घरापर्यंत पोचवलं. आत्या दारातच उभी होती. तिनं पिशवी घेतली, आत हात घातला, तिच्या हाताला कपडे लागले. त्यानंतरच्या गुरुवारीही आई आली नाही, आणि त्याच्या पुढच्याही. मग गावाकडून आलेल्या एकानं सांगितलं की ती आता सिल्लोडच्याच बाजारात बसते.

"येडी हाय वहिनी," आत्या म्हणाली. "शबुद मोडला म्हनून सोताच सजा घेतली. मी काय बोलले असते व्हय तिला? येका शब्दानं बोलले असते?" आणि ती चुलीपुढं बसून रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मी जवळ जाऊन बसले. आम्ही दोघी एकाच माणसासाठी रडत होतो, एवढं मला तेव्हाही कळलं.

पुतळ्याचं तोंड व्हायचं होतं. ते आत्याचं करायचं, असं अण्णांनी सुरुवातीपासून ठरवलेलं. आत्या म्हणाली, "माजं नको. कंबर येकीची आन् तोंड दुसरीचं, असं कुटं असतंय व्हय?" मग अण्णांनी आठवून आठवून माझ्या आईचं तोंड घडवलं. गोंदणसुद्धा उमटवलं. आत्या रोज भाकरी घेऊन यायची आणि समोर बसून बघायची. शेवटच्या दिवशी अण्णा ओठांवर लोखंडी पट्टी फिरवून ते गुळगुळीत मिटवत होते, तेव्हा ती उठली.

"मिटू नका," ती म्हणाली. "बोलत हुती ती तवा. म्या ऐकलंय."

अण्णांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग सळईच्या टोकानं, ओल्या सिमेंटमध्ये, ओठ जरासे उघडले. सिमेंट तडकू नये म्हणून पुतळ्यावर गोणपाट टाकून रोज पाणी मारावं लागतं. ते काम मी मागून घेतलं. सकाळची शाळा सुटली की अण्णा मला दांडीवर घेऊन यायचे आणि मी डबड्यानं तिच्या पायांपासून तोंडापर्यंत पाणी घालायची.

आई पुढं मला भेटली नाही असं नाही. लग्नाकार्यात भेटायची, "या भाच्याबाई" म्हणून मला पाट द्यायची, पाहुणीसारखी वाढायची. माझ्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू पाठवले, मामीकडून म्हणून. शब्द तिनं पुन्हा मोडला नाही. ती गेली तेव्हा मला निरोप पोचेस्तोवर सगळं आटोपलं होतं. भाचीसाठी कुणी थांबत नाही.

आता मी सिडकोतच राहते, एकटी. आत्या आणि अण्णा जाऊन किती वर्षं झाली. बाग आहे. धनगराची काठी मोडली, मेंढरांवर बसून मुलांनी त्यांचे कान घालवले. मधल्या बाईला दरवर्षी कुणीतरी तेलरंग फासतं. यंदा पोपटी लुगडं आहे आणि ओठ लालभडक, रंगाऱ्यानं ब्रश आतपर्यंत फिरवलाय. पोरंपोरी तिला टेकून सेल्फी काढतात. तिची कंबर तशीच कललेली आहे.

गुरुवारी बाजारातून येताना मी रिक्षा बागेपाशीच सोडते. पिशवीत हिरव्या मिरच्या असतात, एकट्या बाईला महिनाभर पुरतील एवढ्या. तिच्यासमोर जाऊन उभी राहते. आजूबाजूला कुणी नाही असं बघते, या वयात लोक लगेच वेडी म्हणतात. मग तिच्या उघड्या ओठांकडं बघून, तेव्हा गळ्यात राहिलेला ‘ओ’ हळूच देते, आणि पिशवी उचलून घरी येते.